पन्हाळगड आणि वीर शिवा काशीद

कोल्हापूरचे टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय पाहून आम्ही एका बालमित्रासमवेत पन्हाळ्यास गेलो. ब्रह्मपुरीच्या उत्खननात लाभलेली रोमन सागरदेवतेची ब्राँझमूर्ती त्या संग्रहालयात आहे. करवीरच्या प्राचीन सागरपार व्यापाराची ती साक्ष होय. गडावर शिलाहार भोजाची स्मृती, तीन दरवाजा व अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे राजवैभव सांगत उभी आहेत. २०२५ साली हा गड जागतिक वारसा यादीतही समाविष्ट झाला.

परंतु १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवछत्रपती विशाळगडाकडे निघाले, तेव्हा त्यांचा वेष धारण करून, मरण अटळ जाणून शत्रूच्या हाती गेलेल्या नाभिक वीर शिवा काशीद यांची एकही वस्तू आम्हांस काचेच्या कपाटात दिसली नाही. त्यांचे नाव राखले ते लोकस्मृतीने. पन्हाळ्यावरील त्यांचे स्मारक हे तिचेच फळ होय.

“आपल्या किती पूर्वजांचा इतिहास असाच अलिखित लोपला असेल?” स्नेह्याने विचारले. ज्ञातिबांधवहो, बलुत्याचे व वतनाचे जुने कागद घरोघरी जपा, वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवा. स्मृती थोर खरी. पण तिला लेखाचा आधार हवा.