दान आधीच पडलेले असते तेव्हा

१/५
१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू योद्धा, जादूगार अशा भूमिका घेतात; त्यांचा बेत साधेल की फसेल, हे फासे ठरवतात.

२/५
या खेळावर २००० व २०२३ साली चित्रपट निघाले. पेच एकच होता: पडद्यावर दान आधीच पडलेले असते, मग उत्कंठा टिकावी कशी?

३/५
दिंडोशीलगतच्या गोरेगाव चित्रनगरीत चित्रित झालेल्या बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ (१९८८-९०) मालिकेपुढेही द्यूतसभा दाखवताना हाच पेच होता. गुफी पेंटल यांनी साकारलेला शकुनी जिंकणार, हे घरोघरी ठाऊक होते.

४/५
त्यावरचा उपाय मूळ सभापर्वातच आहे. द्रौपदी दानाविषयी नव्हे, नियमाविषयी विचारते: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर तिला पणाला लावण्याचा अधिकार त्याला उरला होता काय? भीष्मांनाही निश्चित उत्तर देता आले नाही.

५/५
निकाल ठाऊक असला तरी हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणूनच खेळ पडद्यावर आणताना फाशांहून महत्त्वाचे ठरते ते पणाला काय लागले आहे, हे.