बूट मेनू : संगणकावरील निवडाधिकाराचा इतिहास

प्रस्तावना :

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली असल्यास संगणक सुरू होताना एक छोटी यादी पडद्यावर येते. काही सेकंदांत निवड केली नाही, तर आधी ठरवून ठेवलेली कार्यप्रणाली आपोआप सुरू होते. ही यादी म्हणजे बूट मेनू. तिच्यातील क्रम, प्रतीक्षेचा काळ आणि आपोआप होणारी निवड या बाबी वरवर तांत्रिक वाटतात. तथापि, त्या ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, या प्रश्नातून वैयक्तिक संगणकाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा पैलू उलगडतो. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

प्रारंभीचा काळ :

आयबीएमचा वैयक्तिक संगणक 1981 मध्ये बाजारात आला. 1983 मध्ये हार्ड डिस्क असलेला 'एक्सटी' संगणक व डॉस 2.0 यांच्याबरोबर डिस्कचे चार भाग करण्याची सोय झाली. डिस्कच्या पहिल्या 512 बाइटपैकी केवळ 64 बाइट या चार भागांच्या नोंदीसाठी होते. ज्या भागावर 'सक्रिय' अशी खूण असेल, त्यातील कार्यप्रणाली सुरू होई. म्हणजे एका डिस्कवर अनेक कार्यप्रणाली नांदू शकतात, हे गृहीत धरलेले होते. मात्र मेनू नव्हता. निवड बदलायची तर 'एफडिस्क' ने खूण बदलून संगणक पुन्हा सुरू करावा लागे.

मेनूचा उदय :

1992 च्या ओएस/2 2.0 मध्ये 'बूट मॅनेजर' उपलब्ध झाला. 1993 च्या विंडोज एनटीमध्ये 'बूट.आयएनआय' ही साधी मजकूर फाइल आली. तिच्यातील 'टाइमआउट' व 'डिफॉल्ट' या दोन ओळी बदलल्या की प्रतीक्षेचा काळ आणि आपोआप होणारी निवड बदले. याच सुमारास लिनक्ससाठी वर्नर आल्मेसबर्गर यांनी 'लिलो' तयार केला. त्यात फाइल बदलल्यावर 'लिलो' ही आज्ञा पुन्हा चालविणे अनिवार्य होते, कारण कर्नल डिस्कवर नेमका कोठे आहे याचे पत्ते तो आधीच नोंदवून ठेवी. आज्ञेचा विसर पडल्यास संगणक सुरू न होण्याचा धोका असे. 1995 मध्ये एरिक बोलिन यांनी सुरू केलेल्या 'ग्रब' ने ही अडचण दूर केली. तो फाइल प्रणाली स्वतः वाचू शकत असल्याने मेनूच्या फाइलमधील बदल थेट लागू होत.

संघर्षाचे स्वरूप :

विंडोजची स्थापना करताना डिस्कचा आरंभीचा भाग नव्याने लिहिला जाई व लिनक्सचा मेनू नाहीसा होई. त्यामुळे 'आधी विंडोज, नंतर लिनक्स' हा क्रम वापरकर्त्यांत रूढ झाला. याहून गंभीर प्रकरण 'बीओएस'चे होय. हिताचीच्या काही संगणकांवर ही कार्यप्रणाली डिस्कवर दिलेली होती. परंतु सुरुवातीच्या मेनूत तिचे नाव नव्हते. संगणक उत्पादकांशी केलेल्या परवाना-करारांद्वारे मायक्रोसॉफ्टने स्पर्धेला अटकाव केला, असा आरोप करून बी कंपनीने फेब्रुवारी 2002 मध्ये दावा दाखल केला. सप्टेंबर 2003 मध्ये 2 कोटी 32 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने कोणतीही चूक मान्य केली नाही. तोपर्यंत बी कंपनीची तांत्रिक मालमत्ता 2001 मध्येच पाम कंपनीकडे गेली होती. जे यादीत नाही ते सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

अलीकडील परिवर्तन :

विंडोज व्हिस्टाने 'बूट.आयएनआय'ऐवजी 'बीसीडी' हा माहितीकोश आणला. तो साध्या मजकूर-संपादकात उघडत नाही, त्यासाठी 'बीसीडीएडिट' ही आज्ञा लागते. ग्रब 2 मध्येही मुख्य फाइल हाताने न बदलता 'डिफॉल्ट' निर्देशिकेतील 'ग्रब' या फाइलमध्ये दुरुस्ती करून मेनू नव्याने तयार करावा लागतो. 2012 च्या विंडोज 8 बरोबर 'सिक्युअर बूट'चा प्रसार झाला आणि बूट करणाऱ्या प्रणालीवर मान्यताप्राप्त स्वाक्षरी असणे हा निकष पुढे आला. 2021 च्या ग्रब 2.06 मध्ये सुरक्षिततेसाठी इतर कार्यप्रणालींचा आपोआप शोध घेणे बंद ठेवण्यात आले. परिणामी विंडोज मेनूत दिसावी यासाठी वापरकर्त्याला ती सोय मुद्दाम सुरू करावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अद्ययावतीकरणानंतर दुहेरी कार्यप्रणाली असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले.

निष्कर्ष :

एका खुणेपासून मजकूर फाइलीपर्यंत आणि तेथून स्वाक्षरीपर्यंत झालेला हा प्रवास आहे. सुरक्षितता वाढली हे नाकारता येणार नाही. बूटच्या वेळी शिरणारा घातक प्रोग्राम रोखणे आवश्यकच आहे. परंतु जी निवड बदलण्यास पूर्वी दोन ओळी पुरत, तिच्यासाठी आता अधिक ज्ञान आणि काही वेळा इतरांची मान्यता लागते. म्हणून बूट मेनूतील बदल हा केवळ प्रात्यक्षिकाचा भाग न मानता, संगणकाचा मालक कोण, या प्रश्नाच्या संदर्भात तो विद्यार्थ्यांना शिकविला जाणे उचित ठरेल.