शितावरून सोन्याची परीक्षा: ब्रूसजॅकचे दहा हजार टन

संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "सॅम्पल किती मोठं घ्यायचं?" बहुतेकांना उत्तरात एक आकडा हवा असतो. आकडा देण्याआधी मी खाणकामाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. सॅम्पलवरून दोन नामवंत सल्लागार संस्थांचं इतकं बिनसलं की एकीने काम अर्ध्यावर सोडलं. तिचं म्हणणं होतं, या सॅम्पलवरून इथे सोन्याचा साठा आहे असं म्हणताच येत नाही.

भात आणि काजू

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. ती का जमते? कारण पातेल्यातला भात साधारण सारखाच शिजलेला असतो. पण मसालेभातात मोजकेच काजू असतील तर? एका घासात काजू आला नाही म्हणून भातात काजूच नाहीत म्हणायचं का? आणि पहिल्याच घासात दोन आले तर? जाड कणांचं सोनं खडकात असंच विखुरलेलं असतं. भूसांख्यिकीत याला 'नगेट इफेक्ट' म्हणतात.

आता ड्रिलिंगचा हिशेब बघा. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका मापाचा गाभा, म्हणजे ड्रिलमधून निघणारी खडकाची कांडी, ६३.५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा अर्धा भाग पुराव्यासाठी जपून ठेवतात. उरलेल्या अर्ध्या भागाचं एका मीटरला वजन भरतं साधारण चार किलो. ते दळून प्रयोगशाळेच्या भट्टीत जातात अवघे ३० ते ५० ग्रॅम. त्यावरून आजूबाजूच्या हजारो टनांबद्दल बोलायचं!

उभ्या डोंगरात अडचण आणखी वाढते. यंत्र हेलिकॉप्टरने न्यावं लागतं आणि सपाट जागा मोजक्याच. मग एकाच ओट्यावरून पंख्यासारखी अनेक भोकं पाडतात. काही भोकं सोन्याच्या शिरेला काटकोनात छेदतात, काही तिरकी जातात, तर काही शिरेला जवळजवळ समांतर धावतात. अशा वेळी शीर आहे त्यापेक्षा जाड भासते.

दुसरा मार्ग म्हणजे डोंगराच्या पोटात बोगदा नेऊन हजारो टन खडकच बाहेर काढायचा आणि गिरणीत दळून सोनं मोजायचं. याला 'बल्क सॅम्पल' म्हणतात. इथे उतार उलट मदतीला येतो, कारण खोल विहीर न खणता बाजूने आत शिरता येतं. पण खर्च प्रचंड, आणि इतकं करून कळतं ते डोंगराच्या एकाच कोपऱ्याबद्दल.

२०१३ मध्ये काय झालं?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, स्टुअर्ट गावाच्या उत्तरेला सुमारे ६५ किलोमीटरवर, हिमनद्यांच्या शेजारी ब्रूसजॅक आहे. तिथल्या 'व्हॅली ऑफ द किंग्ज' या भागात प्रीटियम कंपनीने भरपूर ड्रिलिंग केलं. त्यावरून स्नोडेन या सल्लागार संस्थेने दीड कोटी टनांहून मोठ्या, श्रीमंत साठ्याचा अंदाज मांडला. तो तपासण्यासाठी दहा हजार टनांचं बल्क सॅम्पल ठरलं. त्यातून ४,००० औंस, म्हणजे सुमारे १२४ किलो सोनं अपेक्षित होतं.

देखरेख होती स्ट्रॅथकोना या संस्थेकडे. हे नाव लक्षात ठेवा. इंडोनेशियातल्या बुसांगचे ब्रे-एक्स कंपनीचे नमुने बनावट आहेत हे १९९७ साली याच संस्थेने जाहीर केलं होतं. तिथे गाभ्याचा अर्धा भाग जपलाच नव्हता. म्हणजे तिच्या शब्दाला वजन होतं.

स्ट्रॅथकोनाने 'सॅम्पल टॉवर' उभारला. सुरुंगाच्या प्रत्येक स्फोटातून निघालेला खडक फोडून, वाटणी करत करत त्याचा छोटा नमुना काढायचा, अशी ती पद्धत. टॉवरचे आकडे निराशाजनक येऊ लागले. स्नोडेनचं म्हणणं पडलं की इतक्या जाड सोन्यात अशी वाटणी विश्वासार्ह नाही, सगळा खडक गिरणीत दळा आणि मग बोला. ऑक्टोबर २०१३ मध्ये, दळण पूर्ण होण्याआधीच, स्ट्रॅथकोना बाजूला झाली. कंपनीचा शेअर कोसळला.

डिसेंबरमध्ये हिशेब आला: १०,३०२ टनांतून ५,८६५ औंस. सुमारे १८२ किलो, म्हणजे अपेक्षेच्या जवळपास दीडपट!

मग बरोबर कोण?

इथे थांबलात तर 'स्नोडेन जिंकली' असं लिहून मोकळे व्हाल. पण पुढे वाचा. २०१७ मध्ये खाण सुरू झाली, सोनं निघालं, मात्र प्रत्यक्ष प्रत अंदाजापेक्षा कमी भरत गेली. २०२० मध्ये साठ्याचा अंदाज मोठ्या प्रमाणात खाली आणावा लागला. तरीही खाण चालली, आणि २०२२ मध्ये न्यूक्रेस्टने ती कंपनीच विकत घेतली. म्हणजे साठाच नाही असं म्हणणारे चुकले, आणि अंदाज चोख आहे असं मानणारेही चुकले. सोनं होतं. ते नेमकं कुठे आणि किती, हे सांगणं अवघड होतं.

दहा हजार टन ऐकायला अफाट वाटतात. पण दीड कोटी टनांपुढे ते हजारातला एक भागही नाहीत. शिवाय बोगद्याला मध्येच 'क्लिओपात्रा' नावाची अतिश्रीमंत शीर लागली होती. बल्क सॅम्पल हाही शेवटी एक घासच. फक्त मोठा.

हा पेच जुनाच आहे. दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रीगे यांनी १९५१ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं होतं की छोट्या नमुन्यांवरून श्रीमंत वाटणारा खडकाचा ठोकळा प्रत्यक्षात तितका श्रीमंत निघत नाही, आणि गरीब वाटणारा तितका गरीब नसतो.

तुमच्या कामासाठी

ड्रिलिंग सांगतं सोनं कुठवर पसरलंय. बल्क सॅम्पल सांगतं एका जागी खरोखर किती आहे. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. तुमची पाचशे जणांची प्रश्नावली आणि एका गावातला सहा महिन्यांचा मुक्काम यांचंही तसंच आहे.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना 'सॅम्पल किती' याच्या आधी एक ओळ लिहा: माझ्या विषयात काजू किती आहेत, आणि ते कसे विखुरलेत? गाईडसमोर बसाल तेव्हा पहिला प्रश्न तिथूनच येईल. आणि हो, गाभ्याचा अर्धा भाग, म्हणजे तुमच्या मूळ नोंदी, जपून ठेवा. उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला तेवढंच हातात असतं.