तीन फौजा जिथं हरल्या, तिथं एक पाद्री: गोव्याचे जोझेफ वाझ

जबलपूर हे छावणीचं शहर. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रं इथं आहेत. साहजिकच आपल्या या मालिकेत लढायांचे विषय जास्त येतात. आजचा विषयही एका डोंगरी राज्यात शिरण्याचा आहे, पण शिरणाऱ्याकडे हत्यार नव्हतं.

ते राज्य म्हणजे श्रीलंकेतलं कँडी. चहूकडे डोंगर, दाट जंगल, आणि महावेली नदीचा वेढा. पोर्तुगीजांनी ते जिंकायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला. १५९४ मध्ये दंतुरे, १६३० मध्ये रंदेनिवेला आणि १६३८ मध्ये गन्नोरुवा, या तीन ठिकाणी त्यांच्या तीन मोहिमा जवळजवळ पुऱ्या कापल्या गेल्या. रंदेनिवेलाला तर त्यांचा सेनापती कोन्स्तांतिनो द सा स्वतः पडला. डोंगरात शत्रूला आत येऊ द्यायचं आणि परतीच्या वाटेवर गाठायचं, हा कँडीचा डाव. सह्याद्रीच्या घाटांची ओळख असलेल्या मराठी माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

१६५८ पर्यंत डचांनी पोर्तुगीजांना बेटावरून हुसकावलं. डच प्रोटेस्टंट, त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली. पाद्र्याला घरात आसरा देणं हासुद्धा गुन्हा ठरला. किनाऱ्यावरचे हजारो कॅथलिक जवळजवळ तीस वर्षं पाद्र्यावाचून राहिले. पोर्तुगालच्या सरकारला त्यांच्यासाठी काही करता आलं नाही.

ही बातमी गोव्यात जोझेफ वाझ यांच्या कानावर गेली. जन्म १६५१, बाणावलीचा. वडिलांचं गाव सांकवाळ. युरोपीय संघ एतद्देशीय पाद्र्यांना सहसा आपल्यात घेत नसत, म्हणून गोव्यातल्या काही पाद्र्यांनी ऑरेटरी नावाचा स्वतःचा संघ उभा केला होता. वाझ १६८५ मध्ये त्यात गेले, आणि दुसऱ्याच वर्षी लंकेला निघाले. हुकूम कुणाचाच नव्हता. ते स्वतःहून निघाले होते.

१६८७ मध्ये ते जाफन्याला पोचले ते आजारी अवस्थेत, मजुराच्या वेषात, एका सोबत्याबरोबर. बरोबर तीनशे वर्षांनी, १९८७ मध्ये, आपली शांतिसेना त्याच जाफन्यात उतरली. त्या सेनेत मी तरुण अधिकारी होतो. आमच्यापाशी नकाशे होते, वायरलेस होता, मागून येणारी रसद होती. वाझ यांच्यापाशी यातलं काहीच नव्हतं. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत आणि जपमाळेकडे कोण कसं पाहतं ते न्याहाळत. ज्याची नजर तिथं अडखळे, तो आपला. ओळख पटवायची याहून साधी खूण मला ठाऊक नाही. पुढे सिल्लालै गावाने त्यांना लपवलं.

डचांचा पाठलाग वाढला तेव्हा ते आधी पुत्तलमला आणि १६९२ मध्ये कँडीला गेले. कँडीच्या वाटांवर काटेरी फाटकं आणि पहारे असत. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज तिथं जवळजवळ वीस वर्षं कैदेत होता. त्याच्या पुस्तकात ही व्यवस्था बारकाईने सांगितली आहे. दरबारातल्या एका फ्रेंच प्रोटेस्टंटाने वाझ हे पोर्तुगीजांचे हेर असल्याचं सांगितलं आणि त्यांना कैद झाली. लष्करी नजरेने पाहिलं, तर हा संशय गैर नव्हता. वेष बदलून सरहद्द ओलांडणाऱ्या परक्या माणसाला मीसुद्धा आधी अडवलंच असतं. वाझ यांनी सुटकेसाठी खटपट केली नाही. कैदेत ते सिंहली शिकले. हळूहळू पहारा सैल झाला, आणि त्यांना मोकळेपणाने काम करता येऊ लागलं.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. रोग्यांना घरचे लोक रानात सोडू लागले. वाझ आणि त्यांचे सहकारी जोझेफ कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, अन्नपाणी दिलं, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरलं. रोगी बौद्ध की ख्रिस्ती, हे त्यांनी पाहिलं नाही. हेर असल्याचा संशय दरबारात उरला असेल, तर तो इथं धुतला गेला.

आता राजाकडे पाहा. दुसरा विमलधर्मसूर्य हा निष्ठावान बौद्ध. लंकेत भिक्खूंची उपसंपदा खंडित झाली होती. ती पुन्हा सुरू करण्यासाठी त्याने अराकानातून भिक्खू आणवले. त्याच राजाने कॅथलिक पाद्र्याला आपल्या राज्यात राहू दिलं, फिरू दिलं. ख्रिस्ती डचांनी ज्याला हाकललं, त्याला बौद्ध राजाने थारा दिला. आणि याच काळात गोव्यात इन्क्विझिशन चालू होतं, हेही विसरू नका. वाझ यांचा धर्म गोव्यात सत्तेच्या बाजूला होता, लंकेत सत्तेच्या टाचेखाली. तो तिथं टिकला तो माणसांनी स्वेच्छेने जपला म्हणून.

१७०५ मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस येऊन मिळाले. त्यांनी सिंहलीत इतकं लिहिलं, की कॅथलिक सिंहली वाङ्मयाची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. वाझ मात्र गोव्याला परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ ला कँडीतच त्यांचं निधन झालं. १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

त्यांचा धर्म तुमचा-माझा नसेलही. मी सैनिक म्हणून एवढंच सांगतो: डोंगरातली ठाणी फौजेने घेता येतात, माणसं नाही. तीन फौजांना जमलं नाही ते वाझ यांना जमलं, कारण त्यांना कँडीकडून काही हिसकावून घ्यायचं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.