मोहफुलं: देवाची माळ ते सरकारी गुन्हा

मोहफुलं म्हटलं की मलाही आधी हातभट्टीच आठवायची. पण कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त लग्नासाठी नटणाऱ्या पार्वतीच्या केसांत दूर्वा आणि मोहफुलांचीच माळ आहे! गोंड बांधवांकडे आजही मोहाच्या दारूची धार आधी देवाला, पितरांना, मग माणसांना.

इंग्रजांना मात्र यात दिसला अबकारी महसूल. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात ही फुलं बाळगण्यावर बंधनं आली. आणि गंमत बघा, उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत दारू गाळली जायची ती याच फुलांची!

राज्यात फुलं वेचण्या-साठवण्यावरची बंदी उठली ती थेट २०२१ मध्ये. पहाटे झाडाखाली फुलं वेचणारी बाई इतकी वर्षं चोर ठरली. कर भरला की धंदा, देवाला वाहिली की गुन्हा, हा कुठला न्याय?