मोठ्या पोरांची शिस्त

बल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने ऑगस्ट १८२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा अहवाल मद्रास सरकारला पाठवला. शाळा ५३३. बहुतेक कानडी आणि तेलुगू, पण २३ मराठीसुद्धा. माझी उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी एकत्र सांभाळण्यात गेली. त्यामुळे आकडे सोडून माझं लक्ष गेलं ते सकाळच्या हजेरीकडे.

शाळा सहाला भरायची. पहिला येईल त्याच्या तळहातावर सरस्वतीचं नाव लिहायचं. दुसऱ्याच्या हातावर शून्य: ना शाबासकी, ना बोलणी. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे माणशी एकेक वाढती. या हिशेबाने विसाव्याच्या वाट्याला अठरा येतात. तो घराच्या ओट्यावरच बसून राहिला तर त्याला कोण नावं ठेवील?

या शाळांना आपल्यासारखा जून नव्हता. मूल पाच वर्षांचं झालं की चांगला दिवस बघायचा, पंतोजी आणि शाळेतली पोरं घरी बोलवायची, गणपतीपुढे बसवून मुलाचं बोट तांदळात फिरवायचं, झाला दाखल. म्हणजे नवं पोर वर्षभरात कधीही येणार, आणि पंतोजी एकटा. गाडं चालायचं ते वरच्या पोरांनी खालच्यांना शिकवायचं या रिवाजावर. कॅम्पबेलने त्याची तोंडभरून तारीफ केली आहे. इंग्लंडने ही रीत उचलली ते योग्यच झालं, असंही तो लिहितो.

उचलली कशी? मद्रासला एगमोरच्या अनाथ मुलांच्या शाळेवर १७८९ पासून अँड्र्यू बेल नावाचा पाद्री होता. एका मलबारी शाळेत वाळूवर अक्षरं गिरवणारी मुलं त्याने पाहिली. आपल्या शाळेतले मास्तर हे करायला राजी होईनात, म्हणून त्याने आठ वर्षांच्या एका मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. वर्ग चालला. १७९७ मध्ये बेलने त्यावर पुस्तक छापलं. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने असाच कारखाना काढला: एक मास्तर, शेकडो पोरं, आणि प्रत्येक हालचालीला हुकूम. पाटी दाखवायची तीसुद्धा हुकमावर. छडी त्याला नापसंत होती, पण खोडकर पोराला टोपलीत बसवून छताला टांगायला त्याची ना नव्हती. बल्लारीतही आळशी पोरांना हात बांधून आढ्याला टांगत. चांगल्याबरोबर वाईटही दोन्हीकडे सारखंच निघालं, याचं मला हसू येतं.

मग हीच पद्धत बोटीतून मुंबईला परत आली, सुधारणा म्हणून. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली मुंबईत तयार झालेले २४ मराठी शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्यांच्या गावी पाठवले गेले. गावच्या पंतोजीने त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल, ते मी ओळखू शकते. शहरातून प्रशिक्षण घेऊन आलेल्यांकडे आम्हीही तसंच पाहायचो.

जून उजाडला की वरून वेळापत्रक यायचं: परिपाठ, प्रतिज्ञा, तासिका. ते भिंतीवर डकवलं जायचं. पण पहिलीच्या पोराला खरी शाळा कळायची ती चौथीतल्या ताईकडून. चपला जोडीने, टाचा भिंतीकडे. पाटी ओल्या फडक्याने पुसायची, थुंकीने नाही. खिचडीआधी हात धुवायची रांग हापशापासून सुरू होते, दारापासून नाही. मी सांगितलेलं पोरं घंटेबरोबर विसरत. ताईने सांगितलेलं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत टिकत असे. म्हणून पहिला आठवडा मी पुस्तकं उघडतच नसे. साहेब आले आणि रागावले, तर रागावू द्यायचे.

एका वर्षी माठाचं काम मी एका अबोल मुलीकडे दिलं होतं. माठात हात घालायचा नाही, ओगराळ्याने पाणी घ्यायचं, एवढंच मी सांगितलं. पुढचा नियम तिने स्वतःच काढला: ओगराळं जमिनीवर टेकवेल त्याने दिवसभर सगळ्यांना पाणी वाढायचं. पहिली शिक्षा मलाच झाली.