शाळेच्या दिवसांची गाडी

1986 च्या जूनमध्ये मी वाणगाव स्टेशनाबाहेर पूर्वेकडे जाणाऱ्या एसटीत पहिल्यांदा चढले. कंडक्टरने विचारलं, "नव्या बाई का?" मी हो म्हटलं. त्यांनी तिकीट पंच केलं आणि म्हणाले, "शाळा असेल त्या दिवशी ही गाडी आहे. रविवारी वाट बघू नका." पुढची बत्तीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत, माझं घड्याळ त्या गाडीवर लावलेलं होतं.

आमच्या गावाला चाकं फार लवकर मिळाली. 1864 साली मुंबई-सुरत लोहमार्ग पुरा झाला आणि डहाणूचा सगळा किनारपट्टा मुंबईला जोडला गेला. पण ही चाकं माल न्यायला होती. पूर्वेच्या डोंगरपट्टीतलं गवत आणि लाकूड बैलगाडीने स्टेशनवर यायचं, तिथून वाघिणीत भरून मुंबईला जायचं. माझे वडील गवताच्या वखारीत तोलणारे होते. ते सांगायचे की दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागे, आणि गाड्यांबरोबर आलेली वारली माणसं रात्री भाऱ्यांच्या आडोशाला झोपून पहाटे पायीच परत निघत. गवत मुंबईला पोचे, ते कापणारा मात्र स्टेशनपुढे कधी जात नसे.

ते गवत कापणाऱ्याची स्थिती काय होती, हे सरकारदप्तरीच नोंदलेलं आहे. 1939 च्या सिमिंग्टन अहवालात लग्नगडी पद्धतीचं वर्णन येतं. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही असं तिथे ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मागणी होती 500 पौंड गवताला अडीच रुपयांची. परुळेकर बाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मी नोकरीला लागल्यावर वाचलं. त्यातल्या पाड्यापाड्यांची नावं मला पाठ होती, कारण माझ्या मुलांचे पत्ते तेच होते.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला गेली. किसन राऊत चालक होते, लक्ष्मण केवटे वाहक. 1950 चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा झाला आणि खासगी मोटारवाल्यांची जागा सरकारी गाड्या घेऊ लागल्या. 1 मे 1960 ला राज्य वेगळं झालं, त्याच दिवशी गुजरातचं स्वतंत्र परिवहन महामंडळ सुरू झालं. उंबरगाव तालुक्याची पन्नास गावं तिकडे गेली, तलासरी आपल्याकडे राहिली. कालपर्यंत एकाच बाजाराला जाणाऱ्या सोयऱ्यांमध्ये हद्द आली. त्यानंतर आपल्या बाजूला डहाणू, कासा, जव्हार ही गावं एका रस्त्यावर बांधून ठेवण्याचं काम लाल गाडीनेच केलं.

एसटीचा हिशेब टप्प्यांचा. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्यामागे ठरलेलं भाडं. हे भाडं अंतराचं असतं. चढणारा बागायतदार आहे की मजूर, हे ते विचारत नाही. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. आमच्या भागात मात्र मजुरी, व्याज, धान्याचं माप, सगळं समोरचा माणूस कोण आहे ते बघून ठरत आलं होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक सकाळ सांगते. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली एक म्हातारी पाड्यावरून चढली. मागची तीन बाकं रिकामी होती, तरी ती दाराशी फळीवर उकिडवी बसली. कंडक्टरला आमच्याकडे सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी पत्र्याच्या पेटीतला रबर लावलेला गठ्ठा उचलला, दोन रंगांची दोन तिकिटं फाडली, चिमट्याने भोकं पाडली आणि तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "आजी, बाकाचं तिकीट काढलंय. वर बसा." ती उठली आणि बाकाच्या कडेला, अर्धी बाहेर, बसली. ती तिकिटं तिने पदराच्या टोकाला घेऊन घट्ट गाठ मारली आणि उतरेपर्यंत गाठीवरचा हात काढला नाही. अंगठा उठवून घेणारे कागद त्या पिढीने पुष्कळ पाहिले होते. हक्काची जागा देणारा कागद तिच्या हातात त्याआधी कधी आला होता का, हा प्रश्न मला अजून पडतो.

त्या गाडीतून काय काय जायचं! किनाऱ्यावरच्या मांगेली बायका सुके बोंबील आणि सुकट घेऊन डोंगरपट्टीत विकायला निघत. उलट दिशेने मोहाची फुलं, शेवळं, करवंदं येत. वाणगावच्या मिरचीच्या करंड्या टपावर चढत. वसतिगृहातल्या पोरांचे डबे ड्रायव्हरच्या मागच्या जागेत ठेवलेले असत, प्रत्येकाला ओळखीची चिंधी बांधलेली. दवाखान्याची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, कुणाच्या मरणाचा निरोप, हे सगळं मास्तरांकडे सोपवलं की काळजी मिटत असे.

मुख्य उतारू मात्र मुलंच. विद्यार्थ्यांच्या पासाला 66.67 टक्के सवलत, आणि अहिल्याबाई होळकर योजनेत गावच्या मुलींना पास मोफत. पाड्यावर चौथीपर्यंत शाळा असायची, पुढची शाळा दोन टप्प्यांवर. मुलीला मोफत पास आहे आणि गाडी शाळेच्या दारात थांबते, एवढं आईला पटवलं की पाचवीचा दाखला हातात पडे.

1994 च्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि रस्त्यावरची मोरी वाहून गेली. गाडी अलीकडूनच परत फिरू लागली. मुलगे चिखलातून चालत आले. सातवीतल्या तीन मुली आल्या नाहीत. दिवाळीनंतर मोरी बांधली, गाडी पुन्हा दारात आली, तोवर त्या तिघी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेल्या होत्या. हजेरीपटावर मी मार्चपर्यंत त्यांची नावं ठेवली.

आता जीप आहेत, टमटम आहेत, पाड्यापाड्यात मोटारसायकली आहेत. एप्रिल 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि आठ वाजताच्या वर्गासाठी उभ्या असलेल्या पोरीला ती भरेपर्यंत थांबणं परवडत नाही. ठरलेल्या वेळी, पाच उतारू असले तरी सुटते ती एसटी. सकाळी मुलांना सोडून रिकामी परत येणारी फेरी कागदावर तोट्याची दिसते. त्या फेरीने काय कमावलं हे बघायचं तर शाळेच्या दाखल्यांचं रजिस्टर उघडायला हवं.

17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या जूनमध्ये जुन्या शाळेत काम निघालं म्हणून मी पुन्हा त्या गाडीत बसले. आता मास्तरांच्या हातात मशीन आहे, तिकिटाची पट्टी त्यातून सरसर बाहेर येते. एका पाड्यावर चाळिशीची बाई चढली आणि माझ्यासमोर थबकली.

"बाई, वलखला का?"

त्या तिघींतली एक होती ती. मागे दप्तर लावलेली मुलगी होती. "ही नववीला हाय," ती म्हणाली. मुलीने पास दाखवला, आईने अर्धं तिकीट घेतलं. मग दोघी मागच्या बाकावर गेल्या, मुलगी खिडकीशी आणि आई तिच्या शेजारी, पाठ टेकून.